‘एच’ दाबला की उडी!

ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही, अशी माणसंही कम्प्युटरवर क्रिकेटचा स्कोअर बघतात, बातम्या आणि गोष्टी वाचतात. कशी? कानांनी! त्यांच्या कम्प्युटरमध्ये ‘स्क्रीन रीडर’ नावाचा प्रोग्राम असतो. तो मजकूर वाचून दाखवतो. सरावलेली माणसं तो इतक्या वेगात लावतात, की आपल्याला नुसती गुरगुर ऐकू येईल!

एनव्हीडीए हा असाच एक स्क्रीन रीडर. ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन आणि जेम्स टेह या मित्रांनी तो बनवला. दोघांनाही दिसत नाही. त्या काळी असे प्रोग्राम भारी महाग असायचे. मग करन यांनी २००६ मध्ये स्वतःच एक लिहायला घेतला, टेह त्यांना येऊन मिळाले आणि दोघांनी तो सगळ्यांना फुकट देऊन टाकला. तो मराठीही वाचतो बरं का. सूर जरा रोबोसारखा, पण वाचतो!

आता गंमत ऐका. स्क्रीन रीडर पानावरची चित्रं, रंग, सजावट आपल्यासारखी बघत नाही. पानामागे जो कोड लिहिलेला असतो, त्यावरून तो बोलतो. समजा, शाळेच्या वेबसाइटवर सहलीचा फोटो आहे. फोटोत रायगड, धुकं आणि वाकुल्या दाखवणारी मुलं. पण कोडात फोटोचं वर्णनच नसेल, तर तो नुसतं ‘ग्राफिक’ म्हणेल किंवा फाइलचं नाव वाचेल: ‘आयएमजी दोन शून्य चार तीन’. गेला रायगड धुक्यात! तेच कोडात ‘रायगडावर पावसात भिजलेली सहावी ब’ असं लिहून ठेवलं, तर तो ते वाचतो. या लपलेल्या वाक्याला म्हणतात ‘ऑल्ट टेक्स्ट’.

आणि लांबलचक पान असेल तर? सगळं ऐकत बसायचं? छे! एनव्हीडीएमध्ये ‘एच’ दाबला, की थेट पुढच्या शीर्षकावर उडी. मात्र ते शीर्षक आहे, हे कोडात सांगितलेलं हवं. काही जण नुसती अक्षरं मोठी आणि ठळक करून मोकळे होतात. मग ‘एच’ची उडी त्यांना ओलांडून भलतीकडेच! मला याच चुकीचा सगळ्यात जास्त राग येतो, कारण बघणाऱ्याला ती दिसतच नाही.

ज्यांना अंधुक दिसतं, त्यांची अडचण वेगळी: फिकट अक्षरं. त्यासाठीही नियम आहे. अक्षरं आणि त्यांच्यामागचा रंग यांत किती फरक आहे, त्याला गुण देतात. पांढऱ्यावर काळं म्हणजे २१ गुण, पांढऱ्यावर पांढरं म्हणजे १. साध्या मजकुराला निदान ४.५ तरी हवेत.

काहींचे हात थरथरतात, त्यांना माउस धरता येत नाही. ते कीबोर्डवरच सगळं करतात. तुम्हीही करून बघा: माउस बाजूला ठेवा आणि एखादी वेबसाइट उघडून ‘टॅब’ दाबत राहा. एक चौकट लिंकवरून लिंकवर सरकत जाईल. काही साइट्सवर तर पहिल्याच ‘टॅब’ला कोपऱ्यातून एक लपलेलं बटण डोकावतं: ‘मुख्य मजकुराकडे जा’. सापडलं, तर ‘एंटर’ दाबा!