एका रॅकेटमागचं घर

सोयाबीन निघालं आणि रान मोकळं झालं की वाशिम जिल्ह्यातल्या गावोगावच्या चौकांत फ्लेक्स लागतात. टेनिस बॉल क्रिकेटचे भव्य सामने, पहिलं बक्षीस, दुसरं बक्षीस, आणि त्याहून ठळक आकारात बक्षीस देणाऱ्यांचे हात जोडलेले फोटो. रिसोडपासून मानोऱ्यापर्यंत टेनिसचा चेंडू असा घरोघरी पोचला. रॅकेट आली नाही. शालेय क्रीडा स्पर्धांच्या यादीत लॉन टेनिस आहे, पण आपल्याकडच्या पालकाला ते नाव कबड्डी, खो-खो, कुस्तीच्या खाली कुठेतरी वाचून सोडून द्यायचं असतं.

तरी खेळाडू माहीत असतात. २०२१ साली अठरा वर्षांच्या एमा रादुकानूने अमेरिकन ओपन जिंकली, ती बातमी इथल्या मुलींच्याही मोबाइलवर आली होती. ब्रिटनची ही मुलगी पात्रता फेरीतून आली, सलग दहा सामने खेळली आणि एकही सेट न गमावता अजिंक्य ठरली. जगात दीडशेव्या क्रमांकावर असलेल्या मुलीने हे केलं म्हणून कौतुक जास्त. पण त्याच इंग्लंडात, विम्बल्डनच्या गवतावर, एका मराठी घरातल्या मुलीने १९३४ साली एका ब्रिटिश खेळाडूला हरवलं होतं. तिचं नाव विचारलं तर आमच्या शहरातल्या जुन्या क्रीडाशिक्षकांनाही क्षणभर थांबावं लागेल. लीला राव. विम्बल्डनच्या एकेरीत सामना जिंकणारी पहिली भारतीय महिला.

लीलाबद्दल लिहायचं तर सुरुवात तिच्या आईपासूनच करावी लागते, आणि मला वाटतं या खेळातल्या सगळ्याच मराठी कारकिर्दींचं मर्म तिथे आहे.

आई म्हणजे पंडिता क्षमा राव. जन्म १८९०, पुण्याचा. वडील शंकर पांडुरंग पंडित. वारकऱ्यांच्या घरात तुकोबांची गाथा असते, तिची इंदुप्रकाश छापखान्याची जुनी संशोधित आवृत्ती सिद्ध करणाऱ्या दोन पंडितांपैकी एक. सायणभाष्यासह अथर्ववेदाची आवृत्तीही त्यांचीच. पोरबंदरला ते प्रशासक होते, तेव्हा स्वामी विवेकानंद त्यांच्याकडे राहिले होते. हा विद्वान १८९४ साली गेला. क्षमा तेव्हा चार वर्षांचीही झालेली नव्हती. पुढचं बालपण नातेवाइकांच्या आधाराने, ओढगस्तीत गेलं. बापाची संस्कृतची गोडी मात्र कशी कोण जाणे मुलीत उतरली. लग्न झालं मुंबईच्या डॉ. राघवेंद्र राव यांच्याशी. पैसा आला, प्रवास आला, युरोप पाहणं आलं, आणि टेनिसही आलं.

ही बाई मुंबईच्या कोर्टावर स्पर्धा जिंकत होती. लग्न झालेली, मुलीची आई असलेली मराठी स्त्री विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात रॅकेट घेऊन सर्व्हिस करते आहे, हे चित्र आज कुणाला सहज वाटेल. तेव्हा पुण्या-मुंबईच्या पांढरपेशा घरांतही मुलीला शाळेत किती वर्षं ठेवावं यावर वाद चालत. क्षमाबाईंनी तो वाद घातलाच नाही. त्या खेळल्या आणि मुलीला सोबत घेऊन खेळल्या. मायलेकी दोघीही त्या काळच्या स्पर्धांत दिसत.

त्यांची दुसरी बाजू याहून नवलाची. गांधींच्या सत्याग्रहावर त्यांनी संस्कृतात महाकाव्य लिहिलं, ‘सत्याग्रहगीता’. इंग्रज सरकारच्या राज्यात ते इथे छापणं धोक्याचं होतं, म्हणून १९३२ साली ते पॅरिसमध्ये प्रसिद्ध झालं. दोन वर्षांनी त्यांची मुलगी इंग्रजांच्या सर्वांत लाडक्या स्पर्धेत उतरली. एकाच घरात कायदेभंगाचं काव्यही लिहिलं जात होतं आणि विम्बल्डनचा सरावही चालू होता. आपल्याला हल्ली देशभक्ती आणि परदेशी खेळ यांत विसंगती शोधायची खोड लागली आहे. क्षमाबाईंना ती दिसली नसावी. तुकाराम, रामदास, ज्ञानेश्वर यांची चरित्रंही त्यांनी पुढे संस्कृत पद्यात लिहिली.

लीलाचा जन्म १९११चा. शिक्षण थोडं घरी, थोडं युरोपात. भारतातल्या मोठ्या स्पर्धा तिने अनेकदा जिंकल्या. तिचा १९३४चा विम्बल्डनमधला पहिला सामना ब्रिटनच्या ग्लॅडिस साउथवेलशी होता. पहिला सेट ४–६ असा गेला. दुसरा १०–८. तिसरा ६–२. तेव्हा टायब्रेक नव्हता. ६–६ झालं तरी दोन गेमची आघाडी मिळेपर्यंत खेळत राहायचं. म्हणजे एक सेट हातचा गेलेला असताना दुसऱ्या सेटमध्ये अठरा गेम झुंजून तिने सामना आपल्याकडे ओढला. आपल्याकडच्या कडक कोर्टावर चेंडू छातीपर्यंत उसळतो, तिकडच्या गवतावर तो खाली बसतो आणि सटकतो. गुडघे वाकवून, उसळीची वाट न पाहता मारावं लागतं. बोटीने काही आठवडे प्रवास करून आलेल्या खेळाडूला ही सवय लावायला किती वेळ मिळत असेल, याचा अंदाज आजच्या विमानवाल्यांना यायचा नाही. दुसऱ्या फेरीत ती फ्रान्सच्या इडा अदामॉफकडून हरली. १९३५ साली पुन्हा गेली, पण पहिली फेरी ओलांडता आली नाही.

त्याच १९३४च्या विम्बल्डनला ब्रिटनच्या डोरोथी राउंडने अमेरिकेच्या हेलन जेकब्सला हरवून महिला एकेरी जिंकली आणि पुरुषांत फ्रेड पेरी जिंकला. राउंड ही रविवारी चर्चच्या शाळेत शिकवणारी मुलगी. रविवारी खेळायचं नाही, हा तिचा नियम होता. तिच्या आणि लीलाच्या खेळात मोठं अंतर होतं, हे मान्य. पण दोघींना पैसा सारखाच मिळत होता, म्हणजे काहीच नाही. तो हौशी खेळाडूंचा जमाना. १९६८पर्यंत विम्बल्डनमध्ये बक्षिसाची रक्कम नव्हती. त्यामुळे टेनिस म्हणजे ज्यांच्या घरी आधीच पैसा आहे त्यांचा खेळ. लीला रावची कारकीर्द या नियमातच बसते. ती गुणी होती, पण डॉक्टर वडील, खेळणारी आई आणि बोटीचं तिकीट हेही तिच्या बाजूला उभं होतं.

लीलाने १९४३मध्ये हरीश्वर दयाळ या सनदी अधिकाऱ्याशी लग्न केलं. ते पुढे सिक्कीममध्ये राजकीय अधिकारी आणि नेपाळमध्ये भारताचे राजदूत झाले. एव्हरेस्टकडच्या खुंबू भागात पदभ्रमण करताना १९६४ साली त्यांचं निधन झालं. लीलाने नृत्यावर ‘नृत्तमंजरी’सारखी पुस्तकं लिहिली आणि आईच्या कथांवरून संस्कृत नाटकं केली. खेळाडू म्हणून तिचं स्मरण आपण ठेवलं नाही, हे खरं. पण तिने स्वतःही आयुष्य एका खेळात कोंडून ठेवलं नव्हतं.

लीलानंतरच्या काही दशकांत सांगण्यासारखं थोडं आहे. मुंबईच्या निरुपमा मांकड (माहेरच्या वसंत) १९६५ ते १९७८ या काळात राष्ट्रीय विजेत्या होत राहिल्या. वडील टेनिसपटू, नवरा अशोक मांकड कसोटी क्रिकेटपटू. १९७१च्या विम्बल्डनला त्या आनंद अमृतराजबरोबर मिश्र दुहेरी खेळल्या. पुढे अर्जुन पुरस्कार मिळाला. त्या मराठीभाषक नव्हत्या, पण महाराष्ट्रातल्या महिला टेनिसचा धागा त्यांच्याच हातून पुढे गेला. त्यानंतर पुण्याच्या राधिका तुळपुळे फेड कपमध्ये भारतासाठी खेळल्या.

मग चित्र बदललं. टेनिस मुंबईच्या क्लबांतून पुण्याकडे सरकलं. कारणं साधी आहेत. डेक्कन जिमखाना, पीवायसी हिंदू जिमखाना यांसारख्या जुन्या संस्था होत्याच; १९९४च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बालेवाडीचं संकुल उभं राहिलं; हेमंत बेंद्रे यांच्यासारखे प्रशिक्षक तिथे टिकले. अहमदाबादची अंकिता रैना पुण्याला येऊन बेंद्रेंकडे घडली आणि एकेरीत जगात १६०व्या क्रमांकापर्यंत गेली. २०१२मध्ये बालेवाडीत महिलांची डब्ल्यूटीए दर्जाची स्पर्धा झाली, तेव्हा ती जिंकणारी किशोरवयीन एलिना स्वितोलिना पुढे जगातल्या पहिल्या पाचांत पोचली.

आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही की, याच काळात टेनिस पहिल्यांदा तालुक्याच्या गावांतून वर आलं. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीची प्रार्थना ठोंबरे. नगर जिल्ह्यातल्या श्रीरामपूरची ऋतुजा भोसले. बार्शी ज्वारीच्या बाजाराची, श्रीरामपूर उसाचं. दोन्ही गावं कारंज्याच्या किंवा मंगरूळपीरच्या माणसाला परकी वाटणार नाहीत अशी.

प्रार्थना १९९४ची. पुढे हैदराबादला सानिया मिर्झाच्या अकादमीत गेली, सानियाबरोबरच २०१४च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत महिला दुहेरीचं कांस्य मिळवलं आणि २०१६ला रिओ ऑलिंपिकला गेली. तिथे पहिल्याच फेरीत चीनच्या झांग शुआई आणि पेंग शुआई यांच्याकडून तीन सेटच्या लढतीत पराभव झाला. सानियाला चांगली जोडीदार मिळायला हवी होती, असं म्हणणं सोपं आहे. बार्शीहून ऑलिंपिकपर्यंत जाणं म्हणजे काय, याचा हिशोब त्या म्हणण्यात नसतो.

ऋतुजा १९९६ची, वडील पोलीस खात्यात. पुण्यात घडली आणि मग अमेरिकेतल्या टेक्सास ए अँड एम विद्यापीठाकडून खेळली. हा मार्ग नीट पाहण्यासारखा आहे. अमेरिकेतली विद्यापीठं चांगल्या खेळाडूला शिष्यवृत्ती देतात, शिक्षणही होतं आणि चार वर्षं प्रशिक्षक, कोर्ट, सामने यांचा खर्च आईबापांवर पडत नाही. ३० सप्टेंबर २०२३ रोजी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत ऋतुजा आणि रोहन बोपण्णा यांनी मिश्र दुहेरीच्या अंतिम सामन्यात चिनी तैपेईच्या जोडीविरुद्ध पहिला सेट २–६ गमावला, दुसरा ६–३ घेतला आणि सुपर टायब्रेक १०–४ जिंकला. बोपण्णा तेव्हा त्रेचाळीस वर्षांचा होता, ती सत्तावीसची. सुवर्णपदक.

या दोघींची मोठी यशं दुहेरीतली आहेत, आणि हा योगायोग नाही. एकेरीत टिकायचं तर क्रमांक वर न्यावा लागतो, आणि क्रमांक वर न्यायला वर्षातले बहुतेक आठवडे देशोदेशी हिंडावं लागतं. सर्वांत खालच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत एकूण बक्षीस १५ हजार डॉलर असतं आणि ते मुख्य फेरीतल्या सगळ्या जणींत वाटलं जातं. पहिल्या फेरीत हरणारीच्या वाट्याला हॉटेलचं भाडंही येत नाही. उलट विम्बल्डनच्या मुख्य फेरीत नुसतं उतरून पहिल्याच दिवशी हरलं तरी २०२५ साली ६६ हजार पौंड मिळत होते. पण तिथे एकेरीच्या १२८ जागा. त्यातल्या १०४ थेट क्रमवारीवर, १६ पात्रता फेरीतून आणि ८ आयोजकांच्या मर्जीच्या. म्हणजे शंभराच्या आतबाहेर असणाऱ्यांचा संसार चालतो आणि तीनशेव्या क्रमांकावरची गुणी मुलगी घरून पैसे मागते. दुहेरीत जोडीदाराबरोबर खर्च वाटला जातो आणि देशाच्या संघात जागा मिळण्याची शक्यता वाढते. आपल्या मुलींनी दुहेरीकडे वळणं यात कमीपणा नाही, पण ते निवडीपेक्षा हिशोबातून आलेलं आहे.

ब्रिटनच्या मुलीचं वेगळं असतं. विम्बल्डनच्या नफ्याचा मोठा हिस्सा दरवर्षी तिथल्या टेनिस संघटनेकडे जातो आणि त्यातून कोर्टं, प्रशिक्षक, लहान मुलांचे कार्यक्रम चालतात. म्हणजे मोठी स्पर्धाच खालच्या खेळाला पोसते. रादुकानूची पुढची वर्षं दुखापती आणि बदलत्या प्रशिक्षकांत गेली, तरी तिला पुन्हा उभं राहायला वेळ मिळाला. ऋतुजाला किंवा प्रार्थनाला एक वाईट वर्ष आलं तर ते वर्ष घराने सोसावं लागतं. आपल्याकडे टेनिसच्या कारकिर्दीचा जमाखर्च अखेर घराच्याच वहीत लिहिला जातो. १९३४मध्ये ती वही डॉक्टर रावांची होती, आज ती पोलीस अधिकाऱ्याची किंवा तालुक्याच्या गावातल्या मध्यमवर्गीय बापाची आहे.

वाशिमच्या बापाची वही तपासू. बऱ्यापैकी ग्रॅफाइट रॅकेटची किंमत पंधरा-वीस हजारांच्या घरात जाते. २०२५–२६साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. म्हणजे एक रॅकेट तीन-चार क्विंटल सोयाबीनला पडते, तेही हमीभाव हातात पडला तर. आणि गंभीर खेळाडूला एक रॅकेट पुरत नाही. तार तुटते, चेंडू आठवड्यात मरतात. याच्या पुढे खरा प्रश्न अंतराचा. जवळची बरी कोर्टं नागपूरला, रामनगरात. समृद्धी महामार्ग कारंजा-मालेगावजवळून जातो, त्यामुळे गाडीवाल्याला नागपूर आता जवळ झालं. पण सात-आठ वर्षांच्या मुलीला आठवड्यातून पाच दिवस सराव लागतो आणि आठवड्यातून पाच दिवस समृद्धीवरून कुणी जात नाही. मग उरतो तोच मार्ग, जो इतर अनेक घरांनी घेतला: आईने मुलीला घेऊन पुणं किंवा नागपूर गाठायचं आणि बापाने इथे राहून पैसे पाठवायचे. स्पर्धा परीक्षेसाठी आपण हे बिनदिक्कत करतो. खेळासाठी करायला धजत नाही, कारण टेनिसमध्ये गट-ब अधिकाऱ्याची यादी लागत नाही.

मला हे चुकीचं वाटत नाही. उलट जिल्ह्याच्या ठिकाणी दोन कडक कोर्टं आणि कायमस्वरूपी एक प्रशिक्षक असल्याशिवाय कुणा पालकाला उपदेश करू नये. दोन कोर्टांचा खर्च एखाद्या रस्त्याच्या छोट्या तुकड्याएवढा असेल. प्रशिक्षक टिकवणं कठीण. तो पगारावर ठेवावा लागतो, उद्‌घाटनाच्या फितीवर नाही.

पुण्यात काम चालू आहे. एप्रिल २०२५मध्ये बालेवाडीत बिली जीन किंग कपची आशिया-ओशनिया गटाची लढत झाली. शेवटच्या दिवशी भारत आणि कोरिया १–१ असे बरोबरीत होते आणि निर्णायक दुहेरीत अंकिता रैनाबरोबर उतरली ती प्रार्थना ठोंबरे. रिओनंतर नऊ वर्षांनी. ६–४, ६–३. भारत पुढच्या फेरीत गेला. त्यानंतर तीन महिन्यांनी जर्मनीत जागतिक विद्यापीठ स्पर्धा झाली आणि तिथे पुण्याच्या वैष्णवी आडकरने महिला एकेरीत कांस्यपदक मिळवलं. या स्पर्धेत टेनिसचं भारतीय पदक याआधी १९७९ साली मिळालं होतं, तेही पुण्याच्याच नंदन बाळ यांना. वैष्णवीचं पदक एकेरीतलं आहे.