हातोडा उचलायचा कुणी?

चित्रकथांतले देव : लेखांक सहावा

मागच्या आठवड्यात आपण एड्डातला, म्हणजे जुन्या नॉर्स पुराणकथांतला, थॉर पाहिला. तांबड्या दाढीचा, खादाड, शीघ्रकोपी, दोन बोकडांच्या रथातून आभाळभर गडगडत फिरणारा. त्याचा हातोडा म्योलनिर बुटक्या कारागिरांनी घडवला. घडवताना कारस्थानी लोकीने माशीचं रूप घेऊन कारागिराला डंख मारला आणि दांडा आखूड राहिला, हेही आपण वाचलं. या हातोड्याचा नेम चुकत नाही आणि फेकला की तो परत हातात येतो. मात्र तो उचलायला पात्रता लागते, असं आइसलँडच्या स्नोरी स्टुर्लुसनने तेराव्या शतकात लिहून ठेवलेल्या कथांत कुठेही सापडत नाही. एड्डातल्या एका काव्यात तर थ्रिम नावाचा दैत्य तो खुशाल चोरतो, जमिनीखाली पुरून ठेवतो, आणि थॉरला नववधूचा शालू नेसून तो सोडवायला जावं लागतं.

पात्रतेची अट घातली ती अमेरिकन कॉमिकने. ऑगस्ट १९६२च्या ‘जर्नी इन्टू मिस्ट्री’चा ८३वा अंक. कल्पना स्टॅन ली यांची, संवाद त्यांचे धाकटे भाऊ लॅरी लीबर यांचे, चित्रं जॅक कर्बी यांची. डोनाल्ड ब्लेक हा पायाने अधू डॉक्टर नॉर्वेत सुट्टीवर असताना शनीवरून आलेल्या दगडी माणसांपासून जीव वाचवत एका गुहेत शिरतो. तिथे त्याला एक काठी मिळते. वैतागून तो ती खडकावर आपटतो, आणि काठीचा हातोडा होतो, डॉक्टरचा देव होतो. हातोड्यावर कोरलेलं असतं की, जो लायक असेल त्यालाच हे बळ मिळेल. ही मालिका साठ वर्षांहून अधिक काळ टिकली ती त्या कोरीव ओळीच्या जोरावर, असं माझं ठाम मत आहे. बळ वाढवून वाढवून किती वाढवणार? लेखक थकतात आणि वाचकही. पण ‘लायक कोण?’ हा प्रश्न प्रत्येक पिढीला नव्याने सोडवावा लागतो.

कर्बींच्या हातून एक गोष्ट मात्र निसटली, आणि गगनबावड्यात राहून वाचताना ती फार जाणवते. ती म्हणजे पाऊस. अकराव्या शतकात ब्रेमेनच्या ॲडम नावाच्या इतिहासकाराने स्वीडनमधल्या उप्सालाच्या देवळाचं वर्णन केलं आहे. त्यात थॉर हा मेघगर्जना, वारा, पाऊस आणि पिकं यांचा धनी आहे. म्हणजे तो शेतकऱ्यांचा देव. आमच्याकडे मे महिन्यात वळवाचे ढग गगनगडावर चढतात, गडगडाट करूळच्या दरीत घुमत राहतो, तेव्हा इथला माणूस आभाळाकडे बघत तरवा टाकायचा हिशेब करतो. ती वीज कुणाच्या डोक्यात घालायची, हा विचार त्याच्या मनात येत नाही. सुरुवातीच्या कॉमिकमधली वीज मात्र सतत कुणाच्या तरी डोक्यात घालायलाच वापरली जाते. नांगरामागच्या माणसाचा देव नुसता लढवय्या उरला.

तरीही कर्बींचं मोठेपण नाकारता येत नाही. ऑक्टोबर १९६३पासून अंकाच्या शेवटी ‘टेल्स ऑफ ॲसगार्ड’ ही पाच पानांची जोडकथा येऊ लागली, आणि तिथे त्यांनी मूळ पुराणकथांना हात घातला. त्यांच्या ॲसगार्डमध्ये, म्हणजे देवांच्या नगरीत, मनोरे यंत्रासारखे दिसतात, शिरस्त्राणांवर शिंगं आणि चकत्यांची गर्दी असते, थॉरचा बाप ओडिन याचा मुकुट तर जवळजवळ दर प्रसंगाला बदलतो. मार्च १९६६ला, १२६व्या अंकापासून, मासिकाचं नावच ‘थॉर’ झालं.

त्या काळात ही कॉमिक तयार कशी होत, हे कळलं तेव्हा मला पहिल्यांदा दशावतार आठवला. ली आणि कर्बी कथेचा सांगाडा बोलून ठरवत, कर्बी सगळा अंक काढून मोकळे होत, आणि संवाद त्या चित्रांवर मागून चढत. करूळ किंवा भुईबावडा घाट उतरून सिंधुदुर्गात गेलं की जत्रांच्या दिवसांत दशावताराचे खेळ लागतात. तिथेही आख्यान ठरलेलं असतं, पात्रं ठरलेली असतात, संवाद मात्र लिहिलेले नसतात. रंगमंचावर उभा राहिलेला नट समोरच्याचं ऐकून जागच्या जागी बोलतो. म्हणून तेच आख्यान दहा वेळा बघितलेला म्हातारा अकराव्यांदाही पहाटेपर्यंत जागतो. पुराण जिवंत राहतं ते असं कुणीतरी ते आपल्या तोंडाने बोलल्यामुळे. अनंत पै यांनी १९६७मध्ये सुरू केलेल्या ‘अमर चित्र कथा’ने आपल्या पिढ्यांना पुराणं शिकवली, त्याबद्दल कृतज्ञताच आहे. पण त्या मालिकेचा कल माहीत असलेली गोष्ट नीट सांगण्याकडे होता. थॉरच्या लेखकांनी दशावतारी नटाची मोकळीक घेतली.

ही मोकळीक सर्वांत चांगली कुणी वापरली असेल तर वॉल्टर सायमन्सन यांनी. नोव्हेंबर १९८३चा ३३७वा अंक हातात घ्या. पहिल्याच पानावर जळणाऱ्या आकाशगंगेच्या गाभ्यातून कुणीतरी धगधगता गोळा बाहेर काढतंय आणि ऐरणीवर ठोकतंय. ठोकणारा कोण, ते सांगितलेलं नाही. जॉन वर्कमन यांनी रेखलेला घणाचा ‘डूम’ हा आवाज पानभर पसरलेला आहे, अक्षरं चित्राइतकीच मोठी. पुढे जवळजवळ वर्षभर मूळ कथा वेगळीच चालू राहते आणि मधूनच एखाद्या पानावर तो घण पुन्हा पडतो. ती तलवार आहे, आणि घडवणारा आहे अग्नीचा राक्षस सुर्टुर, हे कळेपर्यंत वाचकाची छाती धडधडायला लागलेली असते.

त्याच अंकात बीटा रे बिल येतो. घोड्यासारखं तोंड, दात विचकलेले. पहिल्या दृष्टीत कुणीही त्याला खलनायकच ठरवील. झटापटीत थॉरचा हातोडा सुटतो, देवाचा डॉक्टर होतो, हातोड्याची काठी होते. बिल ती काठी सहज भिंतीवर आपटतो, आणि थॉरचं सगळं बळ त्या घोडतोंड्याच्या अंगात येतं! त्याची जमात उद्ध्वस्त झाली आहे. उरलेले लोक जहाजांत गाढ झोपलेले आहेत आणि त्यांची राखण करायला त्याने स्वतःचं रूप बदलून घेतलं आहे. ओडिन दोघांचं द्वंद्व लावतो. बिल जिंकतो, पण बेशुद्ध थॉरला लाव्ह्यात पडू देत नाही, बाहेर ओढून आणतो. मग ओडिन त्याच्यासाठी दुसरा हातोडा घडवून घेतो. चेहरा, कूळ, देवत्व, काहीही न बघता हातोड्याने माणूस ओळखला.

आणि डिसेंबर १९८५चा ३६२वा अंक. कोल्हापूरच्या वाचकाने तर तो वाचायलाच हवा. स्कर्ज हा जुना खलनायक. एका मायाविनीच्या नादाने आयुष्यभर नाचला, देवांवर उलटला, सगळ्यांच्या हसण्याचा विषय झाला. थॉरची तुकडी पाताळातून माणसांचे आत्मे सोडवून परत निघाली आहे आणि मागे मृतांची फौज लागली आहे. कुणीतरी पूल रोखून धरायला हवा. थॉर ते काम स्वतःकडे घेतो. स्कर्ज त्याला मागून फटका मारून बेशुद्ध करतो, इतरांना म्हणतो, याला घेऊन जा. मग हातात माणसांच्या बंदुका घेऊन तो एकटा पुलाच्या तोंडाशी उभा राहतो.

पन्हाळा ते विशाळगड वाटेवरची घोडखिंड ज्याला ठाऊक आहे, त्याला हे पान वाचताना जुलै १६६० आठवल्याशिवाय राहणार नाही. बाजीप्रभू आयुष्यभर निष्ठेने लढले आणि त्यांचा शेवट त्या निष्ठेला साजेसा होता. स्कर्जच्या आयुष्यात तसं काहीच नव्हतं. त्याने सगळं त्या एका पुलावर मिळवलं. सायमन्सन त्याला हातोडा उचलायला लावत नाहीत, तो प्रसंगच येत नाही. तरी अंक मिटताना लायकीचा निकाल लागलेला असतो.

निसटलेला पाऊस परत आणला जेसन ॲरन यांनी, २०१२च्या अखेरीस सुरू झालेल्या ‘थॉर : गॉड ऑफ थंडर’मध्ये. चित्रकार एसाद रिबिच. दूरच्या एका ग्रहावर पाऊस पडत नाही, माणसं तडफडताहेत. एक लहान मुलगी कुठल्याही देवाने ऐकावं म्हणून प्रार्थना करते, आणि ती ऐकून थॉर पाऊस घेऊन येतो. लोक आनंदाने जेवायला घालतात. तो विचारतो, तुमचे देव कुठे आहेत? आम्हाला देवच नाहीत, असं ते सांगतात. शोधायला गेलेल्या थॉरला त्या ग्रहाचे देव आपल्या महालात कापून टाकलेले सापडतात. कापणारा गोर. त्याची बायको-मुलं गेली, त्याच्या एकाही प्रार्थनेला कुणी ओ दिली नाही, म्हणून तो देवांच्या जिवावर उठलेला. माणसाची लायकी जोखणाऱ्या मालिकेने इथे देवांनाच तागडीत घातलं. २०१४मध्ये थॉरच्या कानात कुणीतरी कुजबुजतं की गोरचं बरोबर होतं, आणि थॉरला स्वतःचाच हातोडा उचलेना.

त्यानंतर तो उचलते जेन फॉस्टर. पहिल्या कथांत ब्लेकच्या दवाखान्यात परिचारिका असलेली जेन आता स्तनाच्या कर्करोगाशी झुंजते आहे. रसेल डॉटरमन यांनी तिला दोन रूपांत काढलं आहे. एक आभाळ फाडणारी, दुसरी केस गेलेली, खांदे पडलेली, सलाइनच्या खुर्चीत बसलेली. हातोडा हातात घेतला की तिच्या शरीरातून केमोथेरपीचं औषध धुऊन निघतं आणि रोग तसाच राहतो. दर वेळी दुसऱ्याचा जीव वाचवताना तिचा स्वतःचा उपचार वाया जातो. तिला हे पक्कं माहीत असतं, तरी हाक आली की ती उठते. घरात केमोथेरपीच्या फेऱ्या पाहिलेल्या माणसाला ही पानं वाचणं सोपं नाही. २०१८मध्ये मँगॉग नावाच्या राक्षसासकट ती हातोडाच सूर्यात भिरकावते, त्याची किंमत आपल्याला जिवाने मोजावी लागणार हे ठाऊक असूनही.

ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी १९६२पासून करू नये. आधी सायमन्सन यांचे ३३७ ते ३८२ हे अंक वाचा. ते संग्रहरूपात मिळतात. त्यातला ३८०वा अंक सावकाश बघा. थॉर आणि पृथ्वीला वेढणारा नाग यांची लढाई त्यात आहे, आणि दर पानावर एकच पानभर चित्र. मग ॲरन वाचा. कर्बी शेवटी घ्या, म्हणजे पुढच्यांनी कुठून काय उचललं ते दिसेल.

पुढच्या आठवड्यात लोकी. एड्डात तो ओडिनचा रक्तबंधू आहे, कॉमिकने त्याला थॉरचा भाऊ केलं. त्या बदलातून काय काय घडलं, ते सविस्तर पाहू.