मांस सोडले, पण ताटात काय आले? वर्षावासातला शाकाहार आणि घराचे पोषण

आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू झाला की आपल्या वस्त्यांमध्ये दोन गोष्टी हमखास घडतात. विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन सुरू होते आणि अनेक घरांतून मटण, मासळी, अंडी तीन महिन्यांसाठी बंद होतात. कुणी फक्त पौर्णिमा पाळतात, कुणी थेट आश्विन पौर्णिमेपर्यंत थांबतात, तर काहींचा मांसाहार तिथून कायमचाच सुटतो. अलीकडे काही तरुण कार्यकर्ते दूधही सोडून पूर्ण वनस्पतीजन्य आहाराकडे वळले आहेत. या सगळ्यावर चर्चा होते ती 'सोडले की नाही' एवढीच. सोडले त्या जागी ताटात काय आले, हे कुणी विचारत नाही.

माझ्याच घरचे सांगतो. आईने सात वर्षांपूर्वी वर्षावासात मांसाहार सोडला, तो पुन्हा धरला नाही. अंडीही गेली. दूध तिला कधी आवडलेच नव्हते, चहापुरते. रविवारी आमच्यासाठी कोंबडी शिजायची आणि ती स्वतः भात, पातळ वरण आणि बटाट्याची भाजी खायची. गेल्या दोन वर्षांत तिच्या तळपायांना मुंग्या येऊ लागल्या. जिना चढताना दम लागायचा. आम्ही वयाला दोष देत राहिलो. शेवटी रक्त तपासले तेव्हा जीवनसत्त्व बी-१२ तळाला गेलेले आणि हिमोग्लोबिन ९ च्याही खाली. डॉक्टर तिला "मांस खा" म्हणाले नाहीत. त्यांनी विचारले, "मटण-अंडी सोडल्यावर त्याऐवजी काय खायला लागलात?" आई म्हणाली, "त्याऐवजी म्हणजे?"

हा लेख त्या 'त्याऐवजी'बद्दल आहे.

आधी मनातली गाठ सोडवू

बौद्ध असण्यासाठी शाकाहारी असावे लागते का? नाही. देवदत्ताने भिक्खूंसाठी पाच कडक नियमांची मागणी केली होती, त्यात मासे-मांस पूर्ण वर्ज्य करावे हीही एक होती. तथागतांनी ती सक्ती नाकारली. आपल्यासाठी मारले गेल्याचे पाहिलेले, ऐकलेले किंवा तशी शंका आलेले मांस भिक्खूने घेऊ नये, इतकी मर्यादा त्यांनी घातली. पुढे महायान परंपरेतल्या लंकावतार सूत्राने मांसाहाराला स्पष्ट विरोध केला, म्हणून चीन-तैवानमधले विहार शाकाहारी आहेत. श्रीलंका, तिबेटमध्ये तसे नाही. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये अहिंसा हा नियम नसून तत्त्व आहे असे मांडले आणि मारण्याची गरज व मारण्याची इच्छा यांत फरक केला.

आपल्याकडे या प्रश्नाला दुसरी बाजूही आहे. 'फक्त शाकाहारी कुटुंबाला घर देणे आहे' ही पाटी मुंबई-पुण्यात ज्यांनी वाचली आहे, त्यांना ती कुणासाठी लावलेली असते हे सांगावे लागत नाही. १९४८ साली आलेल्या 'द अनटचेबल्स' मध्ये बाबासाहेबांनी अस्पृश्यतेच्या मुळाशी गोमांसाचा प्रश्न कसा आहे, हे मांडलेच आहे. १९२७ ला महाडमध्ये मेलेल्या जनावराचे मांस सोडण्याचे आवाहन झाले ते स्वाभिमानासाठी, सोवळ्यासाठी नव्हे. म्हणून आपल्या घरात कुणी मांस सोडत असेल तर ते करुणेपोटी, प्रकृतीसाठी किंवा पर्यावरणासाठी सोडावे. 'आता आम्ही शुद्ध झालो' असे म्हणत शेजारच्या घरातल्या सुकटीच्या वासाला नाक मुरडायचे असेल, तर त्यापेक्षा सुकट खाल्लेली बरी.

आणि स्वतःची उपासमार हा तर आपला मार्गच नाही. उरुवेलेत शरीर वाळवून काही मिळत नाही हे कळल्यावर सिद्धार्थाने सुजाताची खीर घेतली, ही कथा आपल्या घरातल्या लहान मुलांनाही पाठ असते. आईला मात्र ती कुणी लागू करून दाखवली नाही.

वाटीभर डाळ आणि पाच माणसे

आपल्या घरातली सगळ्यात मोठी अडचण प्रथिनांची आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार मोठ्या माणसाला दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे ५५ किलो वजनाच्या बाईला सुमारे ४६ ग्रॅम. पाच माणसांच्या घरात दिवसाला १०० ग्रॅम तूरडाळ शिजत असेल तर तिच्यात एकूण २२ ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात. माणशी चार ग्रॅम आणि थोडे. पाणी वाढवून वरण पुरते, प्रथिने पुरत नाहीत. याच संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शनात सांगितलेल्या दिवसभराच्या ताटात माणशी ८५ ग्रॅम डाळी-कडधान्ये आहेत. मांसाहार करणाऱ्याने त्यातला काही वाटा अंडी-मांसातून भरून काढायचा. आपण मांस काढतो आणि डाळ वीस ग्रॅमवरच ठेवतो. घोटाळा इथे आहे.

रविवारच्या मटणात एकाच्या वाट्याला ७५ ग्रॅम मांस आले तर त्यातून साधारण १५ ग्रॅम प्रथिने मिळत. तेवढीच प्रथिने ७० ग्रॅम कोरड्या मटकी-चवळीतून किंवा ३० ग्रॅम सोयाबीनच्या वड्यांतून मिळतात. त्या जागी साबुदाण्याची खिचडी केली तर? शंभर ग्रॅम साबुदाण्यात अर्धा ग्रॅमसुद्धा प्रथिन नसते. त्या खिचडीत जे काही पोषण आहे ते शेंगदाण्याच्या कुटाचे. बटाटा, वडापाव, पापड, फरसाण हे सगळे शाकाहारीच आहे, आणि मधुमेहाच्या वाटेवर नेणारेही आहे.

आता एक साधे ताट मोजून पाहा. दिवसभरात ज्वारीच्या दोन मध्यम भाकरी, मूठभर तांदळाचा भात, ३० ग्रॅम डाळीचे घट्ट वरण, ४० ग्रॅम मटकीची उसळ, मूठभर शेंगदाणे आणि संध्याकाळी चहाबरोबर बिस्किटांऐवजी मूठभर फुटाणे. भाजीपाल्यातले धरून हे ४५ ग्रॅमच्या जवळ जाते. यात महागडी पावडर नाही, परदेशी बिया नाहीत. धान्यात जे घटक कमी असतात ते डाळीत असतात आणि डाळीत कमी असतात ते धान्यात. दोन्ही एकाच घासात यायला हवेत असेही नाही, दिवसभरात आले तरी शरीर ते जुळवून घेते.

सोयाबीनबद्दल थोडे जास्त लिहितो. विदर्भ-मराठवाड्यातला आपला शेतकरी आणि शेतमजूर सोयाबीन पेरतो, काढतो आणि सगळे बाजारात घालतो. तेल गिरणीला जाते, पेंड कोंबड्यांना. घरात दाणाही राहत नाही. नऊ किलो गव्हात एक किलो भाजलेले सोयाबीन घालून दळून आणले तर चपातीची चव फारशी बदलत नाही आणि प्रत्येक चपाती जास्त भरीव होते. मात्र सोयाबीन कच्चे खायचे नाही, भाजून किंवा नीट शिजवूनच घ्यायचे. वड्या गरम पाण्यात भिजवून, दोनदा पिळून, मटणाच्याच वाटणात टाका. कांदा-खोबरे भाजून केलेला काळा मसाला बकऱ्याच्या मालकीचा नाही!

रानभाज्या, लिंबू आणि जेवणानंतरचा चहा

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५४ टक्के महिलांमध्ये रक्तक्षय आढळला. पाच वर्षांखालच्या मुलांमध्ये हे प्रमाण ६९ टक्क्यांच्या घरात आहे. हे फक्त शाकाहाऱ्यांचे आकडे नाहीत. पण मांसातले लोह शरीर सहज शोषते, वनस्पतीतले तितके सहज नाही, त्यामुळे मांस सोडणाऱ्या घराने जास्त सावध असायला हवे.

उपाय स्वस्त आहेत. उसळीवर लिंबू पिळा, भाकरीबरोबर कच्चा टोमॅटो किंवा आवळ्याचे लोणचे घ्या. क जीवनसत्त्वाने लोहाचे शोषण वाढते. कडधान्याला मोड आणले की लोह अडवून धरणारे घटक कमी होतात. लोखंडी कढई माळ्यावरून खाली काढा. आणि जेवणाला लागून चहा पिऊ नका, निदान तासभर जाऊ द्या. आपल्या बायाबापड्यांचे निम्मे लोह त्या चहातच बुडते असे मी गमतीने म्हणतो, पण चहा लोहाला अडवतो हे खरे आहे. पालकाची कीर्ती त्याच्या कर्तृत्वापेक्षा मोठी आहे, त्यातले लोह फार कमी अंगी लागते. त्यापेक्षा शेवग्याचा पाला, माठ, चवळीचे दाणे, हुलगे बरे.

पावसाळ्यात भिक्खू फिरत राहिले तर कोवळे गवत आणि लहान जीव पायाखाली चिरडतात अशी लोकांची तक्रार झाली, त्यातून वर्षावासाची प्रथा आली. त्याच कोवळ्या हिरवाईतून आपल्या आज्यांनी तरोटा, कुरडू, घोळ, आंबाडी खुडून आणली. शाहू पाटोळे यांच्या 'अन्न हे अपूर्ण ब्रह्म' या पुस्तकामुळे मराठवाड्यातल्या दलित स्वयंपाकघराची निदान नोंद तरी झाली. जवसाची चटणी, कारळाची चटणी, हुलग्याचे माडगे, आंबाडीची भाजी हे गरिबीचे जेवण म्हणून शहरात आल्यावर आपण टाकून दिले. जवसात ओमेगा-३ आहे, जे मासळी सोडणाऱ्याला हवेच असते. नाचणीत १०० ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम आहे. तिळातही भरपूर आहे. हे पदार्थ आता मॉलमध्ये चकचकीत पाकिटात मिळतात, ती गोष्ट वेगळी.

बी-१२ला पर्याय नाही

इथे मात्र कुठल्याही रानभाजीचा उपयोग नाही. बी-१२ वनस्पतीत नसते. मोड आलेली कडधान्ये, आंबील, इडली, स्पिरुलिना, यांतल्या कशावरही भरवसा ठेवता येत नाही. मोठ्या माणसाच्या यकृतात त्याचा साठा काही वर्षे पुरतो, म्हणून सोडल्या सोडल्या काही जाणवत नाही. नंतर थकवा, जिभेची आग, हातापायांना मुंग्या, तोल जाणे, विसरभोळेपणा सुरू होतो आणि आपण वयाला दोष देतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुणे परिसरातील ४४१ मध्यमवयीन पुरुषांचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध केला. त्यातल्या ६७ टक्क्यांमध्ये बी-१२ कमी होते, आणि शाकाहाऱ्यांमध्ये धोका कितीतरी जास्त होता.

गरज आहे दिवसाला २.२ मायक्रोग्रॅमची, म्हणजे अगदी कणभर. दूध-दही घेणाऱ्याला मोठ्या पेलाभर दुधातून साधारण एक मायक्रोग्रॅम मिळते. अंड्यातूनही काही मिळते. दूध-अंडी दोन्ही सोडलेल्यांनी गोळी घ्यायलाच हवी. रोज किमान १० मायक्रोग्रॅम किंवा आठवड्यातून एकदा २००० मायक्रोग्रॅम, असे प्रमाण पूर्ण वनस्पतीजन्य आहार घेणाऱ्यांना सांगितले जाते. कमतरता आधीच असेल तर उपचार डॉक्टरांनीच ठरवायचा. नुसत्या फॉलिक ॲसिडच्या गोळ्या खाऊन रक्त सुधारल्यासारखे दिसू शकते आणि आत मज्जातंतूंचे नुकसान चालूच राहते. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनी तर तपासणी टाळूच नये, त्या औषधाने बी-१२ आणखी कमी होऊ शकते.

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बहिणींसाठी हे सर्वांत महत्त्वाचे. आईच्या अंगातच नसेल तर बाळाला कुठून मिळणार? बाळाकडे आईसारखा वर्षांचा साठा नसतो, त्याच्यावर परिणाम काही महिन्यांत दिसतो.

लहान मुलांबाबत माझे मत स्पष्ट आहे. मोठ्यांनी आपल्या विचाराने मांस सोडावे, पाच-सहा वर्षांच्या पोरावर ते लादू नये. त्याचे पोट लहान असते, नुसत्या भाकरी-भाजीने ते भरते पण भागत नाही. शेंगदाण्याचा लाडू, तूप-तेल घातलेली मुगाची खिचडी, नाचणीचे सत्त्व, दूध आणि शक्य असेल तर अंडे, एवढे त्याला मिळाले पाहिजे. राज्य सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडे देण्याचा निर्णय घेतला आणि जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा सरकारी निधी थांबवून लोकसहभागातून द्या असे शाळांना सांगितले. घरात स्वतः शाकाहारी असलेल्या कार्यकर्त्यानेही या अंड्यासाठी भांडले पाहिजे. माझा शाकाहार ही माझी निवड आहे. गरिबाच्या पोराचे अंडे काढून घेणे ही त्याची निवड नाही.

आईने मांस पुन्हा सुरू केले नाही. आधी इंजेक्शने झाली, आता गोळी चालू आहे, आणि ती आमच्याबरोबर बसून जेवते, सगळ्यांचे झाल्यावर उरलेले नव्हे. हा बदल गोळीपेक्षा अवघड गेला. मुंग्या बऱ्याच कमी झाल्या आहेत, पूर्ण गेलेल्या नाहीत. गेल्या पौर्णिमेला विहारातल्या भोजनदानात तिने पुरी-बटाटा-जिलेबीऐवजी ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, जवसाची चटणी आणि लिंबाच्या फोडी असा बेत ठरवून घेतला. उसळ कमी पडली. जिलेबी कुठे आहे, असे विचारणारेही चार-पाच जण निघालेच.