आंबट रस, पितळी पातेलं आणि आपलं यकृत

जांब समर्थ म्हणजे रामदासस्वामींचं जन्मगाव. ते जालना जिल्ह्यात, आणि जालना म्हटलं की मोसंबी आलीच! ती पिळून रस पितळी पातेल्यात ठेवा बघू. आजी धावतच येईल, "अरे, कल्हई उडालीय त्याची. कळकेल ना!"

आजीचं रसायनशास्त्र पक्कं आहे. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. आंबटामुळे त्यातलं तांबं रसात उतरतं. तांबं आपल्याला लागतं, पण अगदी कणभर. जास्तीचं यकृत गोळा करतं आणि पित्तातून बाहेर टाकतं. येणारं तांबं टाकलेल्यापेक्षा जास्त झालं, की ते यकृतातच साचतं.

साचून गप्प बसेल तर ते तांबं कसलं! ते इलेक्ट्रॉनची देवघेव करत राहतं आणि त्यातून एक इलेक्ट्रॉन कमी असलेले खोडकर रेणू तयार होतात. असा रेणू शेजाऱ्याचा इलेक्ट्रॉन पळवतो, शेजारी त्याच्या पुढच्याचा. खो-खोसारखा खो मिळत जातो आणि पेशींची आवरणं फाटत जातात. अँटिऑक्सिडंट आपला इलेक्ट्रॉन देऊन टाकतो आणि शांत बसतो. खेळ खलास!

यकृत असा एक रक्षक स्वतःच बनवतं. त्याचं नाव ग्लुटाथायोन. त्यात गंधक असतं आणि तांबं, शिसं, पारा, कॅडमियम ही मंडळी गंधकाला घट्ट चिकटतात. हे गंधक येतं डाळ, तीळ, दूध, अंडी यांतल्या प्रथिनांमधून.

मग मोसंबी? तिच्यातलं क जीवनसत्त्वही अँटिऑक्सिडंटच. पण गंमत अशी, की परीक्षानळीत मोकळं तांबं असेल, तर हेच जीवनसत्त्व त्याला उलट चेव आणतं! म्हणून 'मोसंबी खा, धातू पळवा' असं कोणी म्हणालं, तर मी काही मान डोलावणार नाही. मोसंबी खावी, पण धातू मुळात पोटात जाऊच देऊ नये.

हे पुण्यात फार वाईट रीतीने कळलं. तान्ह्या आणि दोन-तीन वर्षांच्या मुलांची यकृतं निबर होऊन ती दगावत. केईएम रुग्णालयातले डॉ. आनंद पंडित, डॉ. शीला भावे आणि इंग्लंडचे डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी आयांना विचारलं, बाळाला वरचं दूध कधीपासून देता, कोणत्या भांड्यातलं? आजारी मुलांच्या घरी बरेचदा पितळी भांडं निघालं. 1983 साली त्यांनी हा संशय छापून मांडला. दूध आंबट नसलं तरी त्यातलं केसीन हे प्रथिन तांब्याला धरून ठेवतं, आणि बाळाचं यकृत ते बाहेर टाकण्यात अजून कच्चं असतं.

त्यांनी औषध वापरलं पेनिसिलामीन, म्हणजे पेनिसिलिनच्याच रेणूचा एक तुकडा. तो तांब्याला पकडून लघवीवाटे बाहेर नेतो. लवकर सुरू केलं, तर काही मुलं वाचली. तो तुकडा तांब्याला पकडतो कशाने, सांगा बघू? त्याच्यातल्या गंधकाने!