तोच लेप, पुन्हा पुन्हा

१९८६ साली माझ्या थोरल्या बहिणीचं पहिलं बाळ सातव्या महिन्यात जन्मलं आणि दुसऱ्या दिवशी गेलं. ताईच्या कागदांत तीन इंग्रजी शब्द होते : 'हायलीन मेम्ब्रेन डिसीज'. मी अकरावीत होतो, वाणिज्य शाखेत. त्या शब्दांचा अर्थ लागायला वीस वर्षं गेली. तोही रद्दीच्या दुकानात मिळालेल्या शरीरक्रियाशास्त्राच्या एका जाडजूड ग्रंथामुळे.

आपल्या फुफ्फुसांत सुमारे ४८ कोटी वायुकोश असतात. प्रत्येकाला आतून पाण्याचा अतिपातळ थर असतो, आणि पाण्याचा पृष्ठताण त्या इवल्या फुग्याला सतत मिटवू पाहतो. १९२९ साली कुर्ट फॉन नीरगार्ड यांनी प्राण्यांची फुफ्फुसं एकदा हवेनं आणि एकदा डिंकाच्या पाण्यानं फुगवून पाहिली. पाण्यानं ती कितीतरी कमी दाबात फुगली, कारण तिथं हवा-पाण्याची सीमाच उरली नव्हती. हा ताण निसर्ग एका स्निग्ध लेपानं कमी करतो. त्याला म्हणतात सर्फॅक्टंट. त्यात सुमारे नव्वद टक्के मेद, बाकी प्रथिनं. अपुऱ्या दिवसांच्या बाळांत नेमका हाच कमी असतो, हे मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी १९५९ साली दाखवलं. तरी १९६३ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक याच विकारानं ३९ तासांत गेला. ज्ञान होतं, औषध नव्हतं.

मला खरा चटका लावला तो पुढच्या प्रश्नानं. प्रत्येक श्वासागणिक दाबला-ताणला जाणारा हा लेप झिजतो. मग रोज नवा कुठून आणायचा?

उत्तर असं, की बराचसा नवा नसतोच. वायुकोशाच्या भिंतीतल्या 'टाइप टू' पेशी हा लेप कांद्यासारख्या पापुद्र्यांच्या गाठोड्यांत बांधून बाहेर सोडतात. वापरून विस्कटलेला मेद बारीक पुटिकांच्या रूपात त्याच पेशी परत आत ओढतात. एबीसीए-३ नावाचं प्रथिन मेद गाठोड्यात भरतं, एसपी-बी ते नीट बांधतं आणि बाहेर लेप पसरायलाही मदत करतं. एसपी-बी जन्मतःच नसेल तर पूर्ण दिवसांचं बाळही सहसा वाचत नाही. एसपी-ए परत घेण्याचं काम वेगवान करतं, असं काचपात्रातल्या पेशींत दिसलं होतं. पण १९९६ साली एसपी-ए नसलेले उंदीर तयार केले, तर ते बऱ्यापैकी ठणठणीत! उलट एसपी-डी नसलेल्या उंदरांच्या फुफ्फुसांत मेद साचत गेला. मानाचं पान एकाला वाढावं आणि खरं काम दुसऱ्यानंच केलेलं असावं, असं आपल्या घरांतही होतंच की.

जे परत घेतलं जात नाही, त्यातलं बरंचसं भक्षक पेशी पचवतात. त्यांना जीएम-सीएसएफ या संदेशवाहक प्रथिनाची गरज असते. त्याच्याविरुद्ध शरीरानंच प्रतिपिंडं बनवली, की लेप साचून वायुकोश भरतात आणि माणूस धापा टाकू लागतो. अशा रुग्णांचं एकेक फुफ्फुस मिठाच्या पाण्यानं चक्क धुऊन काढतात.

आता ताईच्या बाळाकडे येतो. १९८० साली जपानमध्ये तेत्सुरो फुजिवारा यांनी दहा बाळांच्या श्वासनलिकेत गाईच्या फुफ्फुसातून काढलेला लेप सोडला आणि ती सुधारली. ज्याला हा पदार्थ तयारच करता येत नाही, त्याला एकदोन मात्रा पुरतात कशा, हे कोडं मला बरेच दिवस सुटेना. ते सुटलं सशांवरच्या प्रयोगांनी. नवजात सशांची पिल्लं लेपातला नव्वद टक्क्यांहून अधिक मेद पुन्हा वापरतात, मोठे ससे त्याहून पुष्कळ कमी. म्हणजे बनवणं जमत नसलं तरी परत घेणं कोवळ्या पेशींना जमतं. बाहेरून दिलेला मेद त्या आत ओढतात, आपल्या गाठोड्यात बांधतात आणि आपलाच म्हणून पुन्हा बाहेर सोडतात. स्वतःचं उत्पादन सुरू होईपर्यंतचे ते दोनतीन दिवस असे उसन्यावर निघतात.

मागच्या दिवाळीत हे सगळं ताईला सांगितलं. तिनं निमूट ऐकलं. मग विचारलं, "आणि ते गाईचंच असतं का रे?"

"काही औषधं गाईची," मी म्हटलं, "काही डुकराची."

"चाललं असतं," ती म्हणाली आणि करंज्या तळायला उठली.