ठिगळ, शुद्धिपत्र आणि 'वऱ्हाड'

'वऱ्हाड' हा शब्द संगणकावर किती प्रकारांनी लिहिता येतो? प्रश्न शुद्धलेखनाचा नाही. पडद्यावर अगदी सारखा दिसणारा हा शब्द संगणकाच्या स्मृतीत निदान तीन वेगवेगळ्या प्रकारांनी साठवलेला असू शकतो. युनिकोडमध्ये 'ऱ' या अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, तो ०९३१. तो घेऊन पुढे हलन्त आणि 'ह' लिहिला की 'ऱ्ह' मिळतो. साधा 'र', त्याखाली नुक्ता, मग हलन्त आणि 'ह' असे लिहिले तरी बहुतेक टंकांत तोच 'ऱ्ह' उमटतो. तिसरा प्रकार म्हणजे साधा 'र', हलन्त, मग एक अदृश्य जोडचिन्ह आणि 'ह'. आपण कोणता कळफलक वापरतो यावर यांपैकी काय उमटणार ते ठरते, आणि लिहिणाऱ्याला बहुधा त्याचा पत्ताही नसतो.

शाळेत संगणक असेल तर हे मोजून पाहता येते. नोटपॅडमध्ये 'वऱ्हाड' एवढाच शब्द लिहून फाइल यूटीएफ-८ पद्धतीने जतन करा आणि गुणधर्मांत तिचा आकार पाहा. या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट जागा घेते. पहिल्या प्रकारात सहा चिन्हे आहेत, म्हणून १८ बाइट. दुसऱ्या व तिसऱ्या प्रकारांत सात, म्हणून २१. एक सावधगिरी मात्र घ्यावी. नोटपॅडच्या जुन्या आवृत्त्या फाइलच्या आरंभी तीन बाइटचे एक न दिसणारे चिन्ह आपणहून घालतात. त्यामुळे आधी नुसता 'क' जतन करून पाहावा. आकार तीनऐवजी सहा आला तर पुढच्या प्रत्येक मोजमापातून तीन वजा करायचे. वेगवेगळ्या भ्रमणध्वनींवर आणि संगणकांवर टंकलेला हाच शब्द मागवून घेतला, तर एका वर्गातच दोन-तीन प्रकार सापडण्याचा संभव आहे.

गंमत म्हणून हे ठीक आहे, पण याचे परिणाम गंमतीचे नाहीत. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातील संशोधनाचे प्रबंध भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या 'कृषिकोश' या भांडारात ठेवले जातात. अमरावतीच्या संत गाडगेबाबा विद्यापीठाचे प्रबंध 'शोधगंगा'मध्ये आहेत. ही दोन्ही भांडारे 'डीस्पेस' या प्रणालीवर उभारली गेली. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेची ग्रंथालये आणि ह्यूलेट-पॅकार्ड कंपनी यांनी ती मिळून तयार केली व २००२ साली सर्वांसाठी खुली केली. ती जावा भाषेत लिहिलेली असून तिची मूळ आज्ञावली कोणालाही वाचता येते, बदलता येते. एखाद्या लहान महाविद्यालयाचे ग्रंथालयही ती विनामूल्य उतरवून घेऊन आपल्या विद्यार्थ्यांचे प्रकल्प-अहवाल तिच्यात ठेवू शकते.

आता समजा, अमरावती जिल्ह्यातील अशाच एका महाविद्यालयाने काही वर्षांपूर्वी हा संच बसवला. खारपाणपट्ट्यातील विहिरींच्या पाण्यावर कोणी लिहिलेला एक अहवाल त्यात आहे आणि त्याच्या शीर्षकात 'वऱ्हाड' हा शब्द आहे. शोधणाऱ्याने तो शब्द दुसऱ्या प्रकारे टंकला आणि शोधयंत्रणेत सर्व प्रकार एकरूप करण्याची सोय नसली, तर उत्तर येते: काही सापडले नाही. अहवाल तिथेच असतो. वाचणाऱ्याच्या लेखी मात्र तो नसल्यात जमा.

उपाय फार मोठा नाही. जावामध्ये युनिकोडचे पर्यायी प्रकार एकरूप करणारी सोय तयार आहे. ती पहिले दोन प्रकार एकत्र आणते. तिसरा तिला कळत नाही, कारण युनिकोडच्या नियमांनुसार अदृश्य जोडचिन्ह असलेला प्रकार हा वेगळाच मजकूर आहे. त्यासाठी एक स्वतंत्र ओळ लिहावी लागते. मजकुराची नोंद करताना आणि शोधशब्द वाचताना, अशा दोन्ही ठिकाणी ही दुरुस्ती हवी. एकाच ठिकाणी केली तर स्थिती पूर्वीपेक्षाही बिघडेल! एकूण दहा-पंधरा ओळींचे काम. जाणकाराने ते केले आणि आपल्याला एक छोटी फाइल पाठवली. या फाइलला 'पॅच' म्हणतात; आपण ठिगळ म्हणू या.

ठिगळ म्हणजे नेमके काय? पुस्तकाच्या शेवटी शुद्धिपत्र असते: पृष्ठ ४२, ओळ ७, अमुकऐवजी तमुक वाचावे. ठिगळ हे संगणकाने वाचायचे शुद्धिपत्र आहे. काढायच्या ओळीपुढे वजाचे चिन्ह असते, घालायच्या ओळीपुढे अधिकाचे. पण शुद्धिपत्राची एक अडचण सर्व शिक्षकांना ठाऊक आहे. ते पहिल्या आवृत्तीसाठी छापलेले असते आणि विद्यार्थ्याच्या हातात दुसरी आवृत्ती असते. सातवी ओळ आता अकरावी झालेली असते. माणूस आजूबाजूचा मजकूर पाहून ओळ शोधून काढतो. यंत्राने काय करावे?

१९८५ साली लॅरी वॉल यांनी 'पॅच' ही आज्ञावली लिहिली, ती याच प्रश्नावर. ठिगळात बदललेल्या ओळींबरोबर त्यांच्या वरच्या आणि खालच्या प्रत्येकी तीन न बदललेल्या ओळीही असतात. आज्ञावली सांगितलेल्या जागी त्या ओळी जुळतात का ते पाहते. नाही जुळल्या तर पुढे-मागे सरकून शोधते. तरीही नाही जमले तर संदर्भातील सर्वांत वरची व सर्वांत खालची ओळ सोडून देते, मग आणखी एक-एक सोडते, आणि एवढ्यावर जागा सापडली नाही तर तो तुकडा नाकारते. नाकारलेला तुकडा ती वेगळ्या फाइलमध्ये लिहून ठेवते. पुष्कळजण ती फाइल उघडूनच पाहत नाहीत. वास्तविक काय करायचे राहिले ते सगळे तिच्यातच लिहिलेले असते, आणि दोन-तीन ओळींचा बदल हातानेही करता येतो.

आम्हाला नाकारलेल्या तुकड्यापेक्षा सैल जुळणीने स्वीकारलेला तुकडा अधिक धोक्याचा वाटतो. नाकारलेला निदान ओरडून सांगतो. संदर्भाच्या ओळी सोडून दिल्यावर मिळालेली जागा भलतीही असू शकते, विशेषतः एकाच फाइलमध्ये सारख्या दिसणाऱ्या ओळी अनेकदा येत असतील तर. आज्ञावली अशी सैल जुळणी झाल्याचे एका ओळीत कळवते. ती ओळ दिसली की ती जागा डोळ्यांनी तपासावी. खरोखरचा बदल न करता नुसती तालीम करून पाहण्याचा पर्यायही तिच्यात आहे, तो आधी वापरावा.

कधीकधी सर्व ओळी डोळ्यांना तंतोतंत सारख्या दिसतात आणि ठिगळ तरीही बसत नाही. इथे पुन्हा 'वऱ्हाड'चीच कथा. विंडोज प्रणालीत ओळ संपल्याची खूण म्हणून १३ आणि १० अशी दोन अदृश्य चिन्हे लिहिण्याची पद्धत आहे. लिनक्समध्ये नुसते १०. मूळ फाइल एका घरची आणि ठिगळ दुसऱ्या घरचे असेल तर एकही ओळ जुळत नाही. ठिगळ पत्रातून किंवा पडद्यावरून नक्कल करून चिकटवले असेल, तर ओळीच्या आरंभीचा टॅब वाटेत चार किंवा आठ मोकळ्या जागा होऊन बसतो. म्हणून ठिगळ नेहमी फाइल म्हणूनच घ्यावे.

ठिगळ बसले. आता बांधणी, म्हणजे बिल्ड. माणसाने वाचण्याजोगी जावा आज्ञावली यंत्राच्या उपयोगाच्या रूपात आणायची, तिला लागणारे इतरांचे भाग जोडायचे आणि सर्वांचा एक गठ्ठा करायचा. डीस्पेससाठी हे काम 'मेव्हन' नावाचे साधन करते. इथे काही बिघडले की दोष साहजिकच नव्या ठिगळावर जातो. पण प्रयोगशाळेत आपण विद्यार्थ्यांना काय शिकवतो? एका वेळी एकच घटक बदला आणि तुलनेसाठी न बदललेला नमुना ठेवा. म्हणून ठिगळ लावण्याच्या आधी मूळ आज्ञावली जशीच्या तशी बांधून पाहावी. ती बांधली गेली नाही तर ठिगळ निर्दोष आहे, आणि असे पुष्कळदा घडते.

एक नेहमीचे कारण म्हणजे जावाच्या आवृत्तीचा मेळ नसणे. शकुंतला रेल्वे धावत होती त्या काळात यवतमाळचा कापूस अरुंद मापाच्या रुळांवरून मूर्तिजापूरला येई. तिथून मुंबई-हावडा मार्ग दुसऱ्या मापाचा, ७६२ मिलिमीटरऐवजी १६७६. अरुंद मापाचा डबा तसाच पुढे जाऊ शकत नसे. जावाच्या बांधलेल्या प्रत्येक फाइलच्या आरंभी असाच मापाचा आकडा असतो: जावा ८ साठी ५२, ११ साठी ५५, १७ साठी ६१. नवे जावा जुनी फाइल सहसा चालवते, पण जुने जावा नव्या मापाची फाइल घेत नाही. आकडा अनोळखी असल्याचे सांगून थांबते. (इथे रेल्वेची उपमा थोडी तोकडी पडते, कारण रुळांच्या बाबतीत अडचण दोन्ही बाजूंनी असते.) डीस्पेसच्या सहाव्या आवृत्तीला जावा ८ चालते, सातवीला निदान ११ लागते. संगणकावर कोणते जावा आहे ते बांधणीआधीच विचारून घ्यावे.

दुसरे कारण महाजालाशी निगडित आहे. मेव्हन लागणारे भाग एका मध्यवर्ती भांडारातून उतरवून घेते. या भांडाराने १५ जानेवारी २०२० पासून असुरक्षित जोडणी स्वीकारणे बंद केले. मेव्हनच्या फार जुन्या आवृत्त्यांत असुरक्षित पत्ताच लिहिलेला असल्यामुळे वर्षानुवर्षे बिनबोभाट होणारी बांधणी एका दिवसात बंद पडली, आणि पडद्यावर ५०१ हा आकडा येऊ लागला. कोणी कोठे काही बदलले नव्हते! उपाय म्हणजे मेव्हनची नवी आवृत्ती घेणे, किंवा पत्ता सुधारणे.

भाग उतरत असताना वीज गेली किंवा जोडणी तुटली, तर आणखी एक विचित्र प्रकार होतो. भाग मिळाला नाही याची मेव्हन टिपण करून ठेवते आणि नेहमीच्या मांडणीत त्या दिवशी पुन्हा मागतच नाही. जोडणी परत आली तरी तीच चूक दिसत राहते आणि माणूस बुचकळ्यात पडतो. पुन्हा मागायला भाग पाडणारा पर्याय आज्ञेत द्यावा लागतो, किंवा ती अर्धवट नोंद पुसावी लागते. एका संगणकावर सर्व भाग नीट उतरले असतील तर ते फोल्डर पेन-ड्राइव्हवरून दुसऱ्या संगणकावर नेऊन जोडणीशिवायही बांधणी करता येते. जिथे महाजाल धीमे आहे तिथे हाच मार्ग सोयीचा.

तिसरे कारण खास आपले, देवनागरी लिहिणाऱ्यांचे. आपल्या ठिगळात 'ऱ्' हे अक्षर आज्ञावलीतच लिहिलेले आहे. फाइल यूटीएफ-८ मध्ये आहे. पण २०२२ मध्ये आलेल्या जावा १८ च्या आधी जावाचा संकलक यूटीएफ-८ गृहीत धरत नसे. संगणकाची जी पद्धत असेल ती वापरे, आणि आपल्याकडच्या विंडोजवर ती बहुधा पश्चिम युरोपीय लिप्यांची असते. मग 'क'चे तीन बाइट तीन स्वतंत्र अक्षरे म्हणून वाचले जातात: डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन 'ए', चलनाचे एक चिन्ह आणि एक ठळक ठिपका. बिघडलेल्या मराठी पत्रांत ही मंडळी आपण पाहिलेली आहेत. हलन्ताचा शेवटचा बाइट तर त्या पद्धतीत कोणत्याच अक्षराला दिलेला नाही, म्हणून तिथे संकलक तक्रार करतो. ती तक्रार कधी चूक म्हणून येते, कधी नुसता इशारा म्हणून. इशारा असेल तर शेवटी 'बांधणी यशस्वी' असे छापून येते, आणि शोध पूर्वीइतकाच निकामी राहतो. मेव्हनच्या मांडणीत यूटीएफ-८ असे स्पष्ट लिहावे, किंवा आज्ञावलीत अक्षराऐवजी त्याचा ०९३१ हा क्रमांक द्यावा. नोटपॅडने आरंभी घातलेले ते तीन बाइटही इथे आडवे येतात: पहिल्याच ओळीवर 'अवैध चिन्ह' अशी चूक, आणि ओळीत तर काहीच दिसत नाही.

चुकांची यादी वाचण्याचीही एक रीत आहे. संकलकाच्या चुका वरून वाचाव्यात. एक अर्धविराम राहिला तर पुढच्या वीस ओळी चुकीच्या दिसू लागतात, म्हणून पहिली चूक दुरुस्त करून पुन्हा बांधावे. प्रणाली चालू असताना कोसळली तर उलटे: तिच्या लांबलचक निवेदनात 'या कारणाने' अशा अर्थाचे शब्द अनेकदा येतात, आणि मूळ कारण सर्वांत शेवटच्या वेळी असते.

एवढा खटाटोप टाळून जुना संच तसाच चालू ठेवला तर? डिसेंबर २०२१ मध्ये 'लॉगफोरजे' या जावाच्या अतिशय प्रचलित भागात एक गंभीर छिद्र सापडले. साधा मजकूर पाठवून दूरच्या संगणकावर आपली आज्ञा चालवता येत होती. त्याच महिन्यात त्याच्या २.१५, २.१६ आणि २.१७ अशा तीन दुरुस्त आवृत्त्या एकामागून एक आल्या, कारण पहिली दुरुस्ती पुरी पडली नाही. ज्यांना आपला संच पुन्हा बांधता येत होता त्यांनी तो भाग बदलला. ज्यांचा संच कोणीतरी कधीतरी बसवून गेला होता, त्यांच्यापुढे तो बंद ठेवणे किंवा उघडा ठेवणे एवढेच मार्ग उरले.

आपल्या महाविद्यालयाची बांधणी आता यशस्वी झाली असे धरू. ग्रंथपाल 'वऱ्हाड' टंकतात आणि तो अहवाल अजूनही येत नाही. ठिगळाने आज्ञावली बदलली, पण शब्दांची सूची पूर्वीच्याच नियमांनी केलेली आहे. ती पुसून सर्व नोंदींची सूची नव्याने करण्याची आज्ञा डीस्पेसमध्ये आहे. अहवालांची संख्या मोठी असेल तर तिला वेळ लागतो, म्हणून ती रात्री चालू करून ठेवावी. नंतर तिन्ही प्रकारांनी शब्द टंकून तिन्ही वेळा तोच अहवाल येतो का ते पाहावे. आणि ठिगळाची फाइल, ती कोणत्या आवृत्तीवर बसवली त्या नोंदीसह, जपून ठेवावी. पुढच्या वर्षी नवी आवृत्ती उतरवली की हे दहा-पंधरा ओळींचे काम तिच्यात नसेल. ते मूळ प्रणालीच्या कर्त्यांकडे पाठवून त्यांनी स्वीकारले असेल, तरच असेल.