समजून घ्या : मासा न कापता त्याच्या आत कसे डोकावतात?

भिवंडीच्या बाजारात मुशी किंवा पाकट कापली की आत काट्यांऐवजी लवचिक कास्थी दिसते. जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेतही वर्षानुवर्षे हीच पद्धत होती, आत पाहायचे तर कापायचे. पण संग्रहालयात दुर्मीळ प्रजातीचा एकच नमुना असेल तर? एकदा कापलेला नमुना पूर्ववत होत नाही. त्यावर उपाय आहे थ्रीडी स्कॅनिंग.

स्कॅन कसा होतो?
तत्त्व रुग्णालयातल्या सीटी स्कॅनचेच. तिथे यंत्र रुग्णाभोवती फिरते, तर मायक्रो-सीटीमध्ये बहुतेकदा नमुनाच क्ष-किरणांसमोर हळूहळू फिरवतात. वेगवेगळ्या कोनांतून शेकडो प्रतिमा घेतल्या जातात. त्यांवरून संगणक शरीराचे पातळ काप दाखवतो आणि ते जोडून थ्रीडी मॉडेल बनते. लहान नमुन्यात मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहून बारीक रचनाही दिसतात. मुशी-पाकटीच्या कास्थीवर कॅल्शियमयुक्त सूक्ष्म फरशांचे आवरण असते. तेही असे स्पष्ट दिसते.

मऊ अवयवांचे काय?
हाडे क्ष-किरण अडवतात, म्हणून ती उठून दिसतात. स्नायू, मेंदू किंवा ऑक्टोपससारख्या प्राण्याचे मऊ शरीर मात्र एकसारखेच दिसते. त्यासाठी नमुना आधी आयोडीनच्या द्रावणात ठेवतात. प्रत्येक ऊती आयोडीन कमी-जास्त शोषते आणि फरक कळतो. मात्र यात ऊती काही प्रमाणात आकसतात.

काम किती झाले?
अमेरिकेतील प्राध्यापक अॅडम समर्स यांनी जगातील सर्व माशांचे स्कॅन करण्याचा संकल्प सोडला. ‘फाइंडिंग नीमो’ चित्रपटासाठी माशांविषयी सल्ला देणारे ते हेच. वेळ वाचवण्यासाठी ते अनेक मासे एकत्र गुंडाळून एकाच वेळी स्कॅन करतात. २०१७ मध्ये अमेरिकेतच सुरू झालेल्या ‘ओव्हर्ट’ प्रकल्पात १८ संस्थांनी मासे, बेडूक, सरपटणारे प्राणी अशा पृष्ठवंशीय प्राण्यांच्या १३ हजारांहून अधिक नमुन्यांचे स्कॅन केले.

भिवंडीतल्या विद्यार्थ्याला काय फायदा?
हे स्कॅन ‘मॉर्फोसोर्स’ या संकेतस्थळावर मोफत ठेवले आहेत. परदेशातील संग्रहालयाच्या बरणीतला मासा इथे मोबाइलवर फिरवून पाहता येतो. थ्रीडी प्रिंटर असल्यास त्याची कवटी छापून हातातही घेता येते.

स्कॅनमधून रंग किंवा डीएनए मात्र कळत नाही. त्यामुळे मूळ नमुना जपावाच लागतो. तो न कापता अभ्यासता येणे, हीच या तंत्राची खरी कमाई.